पुढच्यास ठेंच लागली म्हणजे



सायकल शिकतांना पडला नाहीं असा मनुष्य विरळाच. ढोपर फुटतें, कोपर सोलवटतें, घरीं कोणी तरी जखमेवर हळद दाबतें आणि दुसऱ्या दिवशीं आपण पुन्हां सायकल बाहेर काढतों. या पडण्याचें कोणाला फारसें भय वाटत नाहीं. कारण त्याचा वेग बेताचा असतो, त्याचें कारण ठाऊक असतें आणि दोष बहुधा आपलाच असतो. आज ज्या पडण्याविषयीं मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें याहून अगदीं निराळें आहे. तें सायकलच्या शर्यतींतलें, आणि त्यांतहि हौशी शर्यतींतलें पडणें होय.

हौशी स्पर्धक म्हणजे आठवडाभर कचेरींत, कारखान्यांत किंवा महाविद्यालयांत राबणारा, पहांटे उठून सराव करणारा आणि रविवारीं शर्यतीच्या रेषेवर उभा राहणारा मनुष्य. यांत पुरुष आले तशा स्त्रियाहि आल्या. जिंकल्यास एखादा चषक, क्वचित् थोडेंसें बक्षीस. न जिंकल्यास घामानें भिजलेला सदरा, एवढीच त्याची कमाई. परंतु खांदा मोडला तर सोमवारीं कामावर जातां येत नाहीं, आणि उपचारांचा खर्च कोणी धनी उचलीत नाहीं. धंदेवाईक स्पर्धकाच्या पाठीशीं संघ असतो, वैद्य असतो, पगार असतो. हौशी स्पर्धकाच्या पाठीशीं त्याचें घर असतें. म्हणून मुलानें किंवा मुलीनें "मी शर्यतींत नांव देऊं का?" असें विचारतांच घरांत पहिला विचार येतो तो पडण्याचा.

या विचारावर आपल्याकडे दोन उत्तरें ठरलेलीं आहेत. वडील मंडळी म्हणतात, "नसती उठाठेव हवी कशाला?" तरुण मंडळी म्हणतात, "भितो कोण?" हीं दोन्ही उत्तरें देतांना पडण्याचें स्वरूप मात्र कोणी तपासून पाहत नाहीं. आज आपण तेंच काम करूं.

प्रथम हें पाहूं, कीं शर्यतींतले स्वार एकमेकांना इतके बिलगून कां जातात. सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति हवा कापण्यांत खर्च होते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. अशा वेळीं दुसऱ्या स्वाराच्या मागोमाग, त्याच्या चाकाशीं चाक भिडवून गेलें, तर पुढच्यानें फोडलेल्या हवेचा आडोसा मिळतो, आणि मागच्याचे श्रम सुमारें चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वांचतात. ही बचत इतकी मोठी आहे कीं एकटा पुढें निघून गेलेला बलवान् स्वारहि पाठीमागच्या साधारण स्वारांच्या घोळक्याकडून बहुधा गांठला जातो. त्यामुळें शर्यत एकेकट्याची न राहतां घोळक्याची होते. कोणी कांहीं वेळ पुढें राहून वाऱ्याला तोंड द्यावें, थकल्यावर बाजूला होऊन मागें यावें आणि दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी, असा तेथला परिपाठ असतो.

आतां या जवळिकीचा हिशेब करूं. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें ११ मीटर. पुढच्याचें मागचें चाक आणि मागच्याचें पुढचें चाक यांत अंतर असतें अर्ध्या मीटराचें, कधीं त्याहूनहि कमी. डोळ्यांनीं धोका पाहून बोटांनीं ब्रेक दाबीपर्यंत चपळ मनुष्यालाहि अर्धा सेकंद तरी लागतो, आणि तेवढ्यांत सायकल साडेपांच मीटर पुढें गेलेली असते. म्हणजे जेवढें अंतर हवें त्याचा अकरावा हिस्साच आपल्या हातीं असतो. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही आपली म्हण पायीं चालणाऱ्यांनीं केलेली आहे. सायकलच्या घोळक्यांत पुढच्यास ठेंच लागली म्हणजे मागचा शहाणा होण्यापूर्वींच आडवा होतो.

मग घोळका क्षणोक्षणीं कोसळत कां नाहीं? पुढचा स्वार आपला वेग आणि आपली वाट एकाएकीं बदलणार नाहीं या भरंवशावर मागचा चालत असतो. त्याच्याहि मागें आणखी एक जण असतो, आणि तो याच्या भरंवशावर चालत असतो. ज्याचें नांवहि आपल्याला ठाऊक नाहीं अशा मनुष्याच्या हातीं तास-दोन तास आपलीं हाडें सोंपवावयाचीं, असा हा व्यवहार आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण आजच्या सगळ्या विवेचनाचा भार तिच्यावरच आहे.

शर्यतींत पडण्याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे चाकाला चाक लागणें. तळहातावर काठी उभी धरतांना ती जिकडे कलेल तिकडे आपण हात नेतों, आणि तिचा तोल राहतो. सायकलस्वारहि नकळत हेंच करीत असतो. सायकल डावीकडे कलली कीं तो पुढचें चाक किंचित् डावीकडे वळवितो व आधार पुन्हां अंगाखालीं आणतो. पुढचें चाक मोकळें आहे तोंवरच तोल आहे. आतां समजा, मागच्या स्वाराचें पुढचें चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बगलेला आलें, आणि त्याच वेळीं पुढचा स्वार वीतभर बाजूला सरकला. दोन्ही चाकें एकमेकांना घांसतात. मागच्याचें पुढचें चाक अडतें, त्याला त्या बाजूला वळतां येत नाहीं आणि तो पडतो. पुढच्याला मात्र मागच्या चाकाशीं एक हिसका बसल्यासारखा वाटतो, इतकेंच. तो बहुधा तसाच पुढें निघून जातो. ज्याच्या हातून गोंधळ झाला तो सुरक्षित, आणि आडवा झाला तो पाठीमागचा. शिवाय त्याच्यावर येऊन आदळणारे आणखी चारपांच जण निराळेच. म्हणूनच जाणते लोक नवशिक्याला पहिला धडा देतात तो हा, कीं आपल्या पुढच्या चाकाची राखण आपणच करावयाची. तें दुसऱ्याच्या चाकाच्या बगलेंत जाऊं द्यावयाचें नाहीं.

दुसरें कारण वळणाचें. वळण घेतांना सायकलला बाजूला खेंचणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्याला तोंड द्यावयाला टायरचा रस्त्याशीं असलेला बोटभर स्पर्श एवढेंच साधन असतें. वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबला तर त्याच बोटभर स्पर्शावर दुसरा बोजा पडतो आणि चाक घसरतें. रस्त्यावर सांडलेली वाळू, पावसानें ओले झालेले रंगाचे पट्टे, गटाराचीं लोखंडी झांकणें हीं सारीं याच कामीं मदत करणारीं. वेग वळणापूर्वीं कमी करावा, वळणांत नव्हे, हा नियम सोपा आहे. पण शेजारी पन्नास जण घाई करीत असतांना तो पाळणें सोपें नाहीं.

तिसरें कारण शेवटच्या फेरीचें. शहरांतले कांहीं रस्ते बंद करून एक-दोन किलोमीटरांच्या वळणावळणाच्या मार्गावर फेऱ्या मारावयाच्या शर्यतीला क्रायटेरियम म्हणतात. अमेरिकेंतील हौशी मंडळींत ती फार लोकप्रिय आहे. शेवटच्या फेरीची घंटा झाली कीं थकलेले पाय आणि तापलेलीं डोकीं एकत्र येतात. पहिला येण्याची आशा असणारे चारपांचच असतात. पण विसाव्या क्रमांकासाठींहि तितक्याच इरेनें झुंजणारे पंधरा-वीस निघतात. घोळका कोसळण्याचा धोका तेव्हां फार वाढतो.

येथें एका भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे. भित्रा स्वार समजतो, कीं घोळक्याच्या अगदीं शेपटाला राहिलें म्हणजे आपण सुरक्षित. प्रत्यक्षांत पुढच्यानें वेग किंचित् कमी केला कीं ती लहर मागें जातां जातां वाढत जाते. मधल्यांना ब्रेक लावावे लागतात आणि शेवटच्यांना जवळजवळ थांबावें लागतें. मग सुटलेलें अंतर भरून काढण्यासाठीं त्यांना ऊर फुटेस्तोंवर धांवावें लागतें. थकवा अधिक, ब्रेक अधिक, आणि पुढें काय चाललें आहे तें दिसण्याची सोय कमी. घोळक्याच्या पुढच्या भागांत राहावयाला बळ लागतें हें खरें, पण तेथें धोका मागच्यापेक्षां कमीच असतो.

आतां इजेविषयीं. बहुतेक वेळां जातें तें कातडें. मांडी, नितंब, कोपर येथील कातडें डांबरावर खरवडून निघतें. दुखणें मोठें, पण धुवून स्वच्छ ठेवल्यास बरें होणारें. दुसरी इजा हांसळीच्या हाडाची. पडतांना मनुष्य सहजच हात पुढें टेकतो, तो धक्का मनगटांतून दंडांत व दंडांतून खांद्यांत चढतो, आणि खांद्याला छातीच्या सांगाड्याशीं जोडणारें तें नाजूक हाड मोडतें. सरळ खांद्यावर आदळलें तरी परिणाम तोच. सायकल-शर्यतीच्या जगांत हांसळी मोडलेली माणसें ठिकठिकाणीं भेटतात. कांहीं आठवडे गळ्यांत झोळी, कधीं शस्त्रक्रिया, आणि मग पुन्हां सराव.

तिसरी इजा डोक्याची. तेथें मात्र चेष्टेला जागा नाहीं. या बाबतींत हौशी मंडळी धंदेवाईकांच्या पुढें होती, हें सांगावयाला आनंद वाटतो. अमेरिकेंत हौशी शर्यती चालविणाऱ्या मंडळानें १९८६ पासून टणक कवचाचें हेल्मेट सक्तीचें केलें. धंदेवाईकांच्या शर्यतींत १९९१ मध्यें तशी सक्ति करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां स्वारांनींच विरोध करून तो हाणून पाडला. फाबिओ कासार्तेल्ली हा इटलीचा तरुण १९९२ सालीं बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें रस्त्यावरील शर्यत जिंकला, तेव्हां ती शर्यत हौशी स्पर्धकांचीच होती. पुढें तो धंदेवाईक झाला. १९९५ च्या तूर द फ्रान्समध्यें पिरेनीज पर्वतांतील एका उतारावर तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. डोक्याला मार लागून तो मरण पावला. त्यानंतरहि आठ वर्षें गेलीं. २००३ च्या मार्चमध्यें पॅरिस-नीस शर्यतींत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव असाच हेल्मेटवांचून पडून मरण पावला, आणि मग कोठें त्या वर्षीं जागतिक संघटनेनें सक्ति आणली.

परंतु हेल्मेट घातलें म्हणजे मनुष्य अभेद्य होतो, असेंहि समजूं नये. त्याच्या आंतील फेस चिरडतो आणि चिरडतांना धक्क्याचा जोर स्वतः खातो, हें त्याचें काम. युरोपांतील चांचणींत तें ताशीं सुमारें २० किलोमीटर वेगानें सपाट ऐरणीवर आपटून पाहतात. सायकलवर बसलेल्या मनुष्याचें डोकें नुसतें खालीं पडलें तर साधारण याच वेगानें जमिनीला लागेल. याचा अर्थ असा, कीं तें जमिनीवर पडण्यासाठीं केलेलें आहे. भर वेगांत खांबावर आदळण्यासाठीं नव्हे. आणि एकदां आपटलेलें हेल्मेट, वरून कितीहि धड दिसलें, तरी पुन्हां वापरावयाचें नसतें.

इतकें ऐकल्यावर कोणी विचारील, कीं घोळकाच जर धोक्याचें मूळ आहे तर तो अजिबात नाहींसा कां करूं नये? एका देशानें नेमकें हेंच करून पाहिलें आहे, आणि त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १८९४ च्या जुलैंत इंग्लंडांत लंडनच्या उत्तरेकडील रस्त्यावर ५० मैलांची शर्यत चालली होती. स्वार एका बाईंच्या घोडागाडीला ओलांडून जात असतां घोडा बुजला, एकच गोंधळ उडाला आणि कांहीं स्वार पडले. त्यांत फ्रेडरिक बिडलेक नांवाचा नामांकित स्वार होता. तक्रार पोलिसांकडे गेली. सायकलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेला भीति पडली, कीं आतां सरकार सायकलच रस्त्यावरून हद्दपार करील. तिनें रस्त्यावरच्या सामुदायिक शर्यतींना बंदी केली. बिडलेकनें पर्याय काढला तो असा: स्वारांनीं एकामागून एक, ठराविक अंतरानें निघावें, प्रत्येकानें एकट्यानें घड्याळाशीं झुंजावें आणि कोणीं कोणाच्या चाकामागें बसूं नये. अशी पहिली शर्यत ऑक्टोबर १८९५ मध्यें झाली. लोकांच्या नजरेंत येऊं नये म्हणून स्वार भल्या पहांटे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून निघत. जवळजवळ अर्धें शतक त्या देशांतील हौशी स्वारांनीं रस्त्यावर शर्यत ओळखली ती हीच.

ही पद्धति आजहि चालू आहे आणि ती उत्तम आहे. पण तिनें घोळका गेला तरी धोका गेला नाहीं. रस्त्यावरील मोटारी वाढत गेल्या, आणि त्यांच्यामध्यें स्वार एकटा पडला. खुद्द बिडलेक १९३३ सालीं सायकलवरून जात असतांना मोटारीची धडक बसून जखमी झाला व कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्या वेळीं तो कोणत्याहि शर्यतींत नव्हता. पुढें जून १९४२ मध्यें, युद्धामुळें रस्ते मोकळे पडले असतांना, पर्सी स्टॅलर्ड नांवाच्या गृहस्थानें वेल्समधील लँगोलेन येथून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची सामुदायिक शर्यत पोलिसांना कळवून घडवून आणली. ती सुरळीत पार पडली, तरी संघटनेनें त्याला बहिष्कृत केलें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचे सायकलपटूहि गेले होते. त्या ऑलिंपिकची रस्त्यावरची शर्यत विंडसरच्या राजोद्यानांत भरली होती. दोन्ही तटांचा समेट व्हावयाला १९५९ साल उजाडलें, आणि १९६० मध्यें अशा शर्यतींसाठीं सरकारी नियम झाले. किती स्वारांनीं उतरावें, पोलिसांना किती आधीं कळवावें, हें ठरलें. भयानें बंदी आणली होती. तिच्या जागीं व्यवस्था यावयाला साठांहून अधिक वर्षें लागलीं.

एका देशाच्या बाबतींत जें झालें तेंच एका स्वाराच्या मनांतहि होत असतें. त्याचें भय प्रथम बंदी घालूं पाहतें. तो हँडल आंवळून धरतो, कोपर ताठ करतो, पुढच्याच्या चाकावर डोळे खिळवितो आणि बोटें सदा ब्रेकवर दाबून ठेवतो. यांतली प्रत्येक गोष्ट त्याला पडण्याच्या जवळ नेते. ताठ कोपरामुळें शेजाऱ्याचा साधा स्पर्शहि थेट चाकापर्यंत पोहोंचतो. सैल कोपर तो मध्येंच जिरवून टाकतें. डोळे जेथें खिळतात तेथेंच सायकल जाते. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यांतच शिरतो, याचा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. आणि विनाकारण दाबलेला ब्रेक म्हणजे मागच्यासाठीं मांडून ठेवलेली ठेंच.

यावर उपाय शौर्याचीं व्याख्यानें हा नाहीं; उपाय सरावाचा आहे. चांगले शिक्षक नवशिक्यांना मैदानावरच्या मऊ गवतावर नेतात. सावकाश चालवीत दोघांनीं एकमेकांना खांदा लावावयाचा, कोपराला कोपर घांसावयाचें, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलें चाक अलगद टेंकवून पाहावयाचें. पहिल्या दिवशीं दोघेहि पडतात आणि हंसतात. आठ दिवसांनीं स्पर्श झाला तरी ते दचकत नाहींत. स्पर्श झाला म्हणजे पडलेंच पाहिजे असें नाहीं, हें त्यांच्या अंगाला कळलेलें असतें. नुसतें बुद्धीला कळून तेथें भागत नाहीं.

याच्या जोडीला येते ती घोळक्याची रीतभात. सरळ रेषेंत चालवावें. मागें वळून पाहूं नये, कारण मान वळली कीं हँडलहि वळतें. खड्डा दिसला तर हातानें दाखवावा किंवा ओरडून सांगावें, कीं मागच्याला तो दिसलेला नसतो. उभें राहून पेडल मारूं लागतांना सायकल क्षणभर मागें ढकलली जाते, तेव्हां तें झटक्यानें करूं नये. वळणांत आपली वाट सोडून दुसऱ्याच्या वाटेंत शिरूं नये. जिंकण्याची आशा नसेल तर शेवटच्या धांवेंतून बाजूला व्हावें. या सर्व नियमांकडे एकवार नीट पाहिलें, तर त्यांतले बहुतेक आपल्या स्वतःच्या रक्षणाचे नाहींत असें दिसून येईल. ते पाठीमागच्याच्या रक्षणाचे आहेत. आणि आपलें रक्षण? तें आपल्या पुढें जो आहे त्याच्या हातीं आहे.

माझ्या मतें या विषयाचें मर्म येथें आहे. हौशी शर्यतींतलें भय मनुष्यानें केवळ स्वतःपुरतें बाळगलें, तर तें त्याला आखडवून टाकतें व अखेर पाडतें. तेंच भय त्यानें मागच्याच्या वतीनें बाळगलें, माझ्यामुळें हा पडेल, त्याचीहि कोणी घरीं वाट पाहत आहे, असें धरून चाललें, तर तेंच त्याचे हात स्थिर करतें. अशा प्रत्येकानें दुसऱ्यासाठीं बाळगलेल्या भयावरच सगळा घोळका उभा असतो.

अर्थात् सर्व भार स्वारांवर टाकून चालकांनीं नामानिराळें राहावें, असा याचा अर्थ नव्हे. नवशिके आणि मुरलेले यांना एकत्र सोडूं नये. इंग्लंड-अमेरिकेंत म्हणूनच श्रेणी पाडल्या आहेत, आणि खालच्या श्रेणींत अनुभव व गुण मिळविल्यावांचून वर जातां येत नाहीं. शेवटची रेषा वळणाला लागून आंखूं नये. वळणावरचे खांब गवताच्या पेंढ्यांनीं झांकावे, वाळू झाडून काढावी, चौकांत निशाण घेतलेला मनुष्य उभा करावा, रुग्णवाहिका तयार ठेवावी. यांत खर्च फारसा नाहीं. आस्था मात्र पुष्कळ लागते.

आपल्या महाराष्ट्रांत सायकल-शर्यत म्हटलें कीं मुंबई-पुणें मार्गाची आठवण होते. खोपोली सोडून बोरघाट चढावयाचा आणि खंडाळ्याला माथा गांठावयाचा. जो प्रथम गांठील तो 'घाटाचा राजा'. रस्त्याच्या कडेला उभे राहणारे लोक घाटांतच गर्दी करतात, आणि तेथलें कष्टाचें दृश्य पाहून अनेकांना वाटतें, कीं धोकाहि तेथेंच असावा. वस्तुतः चढावर वेग उतरतो, हवेचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाहीं, घोळका मोडतो आणि जो तो आपल्या दमावर वर जातो. घाट छाती फोडतो, पण क्वचितच पाडतो. सांभाळावयाचें तें घाटाच्या अलीकडच्या व पलीकडच्या सपाटीवर, जेथें सगळे मिळून वेगानें धांवतात आणि मध्येंच एखादा गतिरोधक किंवा खड्डा वाट पाहत असतो. आईबापांनीं काळजी करावयाची तर ती नेमक्या जागीं करावी, म्हणून हें सांगितलें.

इतकें करूनहि कोणी पडणार नाहीं असें वचन मी देऊं शकत नाहीं; कोणीच देऊं शकणार नाहीं. पडल्यावर काय करावें, हेंहि म्हणून ठाऊक असावें. डोक्याला मार लागला असेल, क्षणभरहि शुद्ध गेली असेल, वार किंवा जागा आठवत नसेल, मळमळत असेल, तर शर्यत तेथेंच संपली असें समजावें आणि डॉक्टरांकडे जावें. "मला कांहीं झालें नाहीं" हें अशा वेळीं पडलेल्याच्या तोंडून ऐकूं नये. त्याचें डोकेंच तर साक्षीदार, आणि मार त्यालाच लागलेला. जखमा स्वच्छ धुवाव्या, धनुर्वाताची सुई केव्हां घेतली होती तें पाहावें. सायकलची चौकट कार्बनची असेल तर ती जाणत्याकडून तपासून घ्यावी; तिची चीर वरून दिसत नाहीं.

हाड सांधतें, पण मन सांधावयाला कधीं कधीं अधिक दिवस लागतात. ज्या वळणावर पडला तें वळण पुढें कित्येक महिने मनुष्याला अरुंद दिसतें. त्याला डिवचूं नये. त्यानें आधीं एकट्यानें चालवावें, मग एका विश्वासाच्या सोबत्यामागें, मग चौघांत, आणि मग वाटलें तर घोळक्यांत. आणि न वाटलें तर एकट्यानें घड्याळाशीं झुंजण्याची वाट मोकळी आहेच. त्यांत कसलीहि लाज नाहीं.

तेव्हां घरांत तो प्रश्न आला, कीं "मी शर्यतींत नांव देऊं का?", तर एकदम नकारहि देऊं नये आणि शाबासकीहि देऊं नये. मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून उलट विचारावें, तूं कोणाबरोबर सराव करतोस, आणि त्यांच्या चाकामागें तुला निर्धास्त वाटतें का? शर्यत कोण चालवितें, आणि तेथें नवशिक्यांची सोय निराळी आहे का? हीं दोन उत्तरें चांगलीं आलीं, तर तिसरा प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावें: तुझ्या मागें जो असेल, त्याला तुझ्या चाकामागें निर्धास्त वाटेल का?

ज्याला या प्रश्नावर घटकाभर विचार करावा लागतो, त्याला जाऊं द्यावें. ज्याला तो प्रश्नच कळला नाहीं, त्याला आणखी एक हंगाम गवतावर शिकूं द्यावें.